आतली वाटी

सौ. हेमलता निकुंभ, १९८८.
नाव कोरलेला डबा
माझ्या फडताळात पावणेदोन वर्षं.
टायफॉइडमध्ये त्यातून मऊ भात आला होता.

रिकामा कसा द्यायचा?
रव्याचे लाडू करू म्हटलं, पाक बिघडेल म्हणून राहिले.
मग द्राक्षं. आंबट आहेत म्हणून थांबले,
गोड झाली तोवर हंगामच सरला.
दरम्यान हेमलताबाई सातपूर सोडून
लेकाकडे इंदिरानगरला गेल्या
आणि डब्यात साठत गेली
लाइटची बिलं, घड्याळाचा सेल,
पोराचा एक दुधाचा दात.

काल कुकरची तिसरी शिट्टी झाली,
गॅस बंद केला
आणि काय झालं कोण जाणे,
दात काढून ठेवला, डबा घासला,
मूठभर साखर घातली
आणि निघालेच, घरातल्या चपलांवर.
सीबीएसला बस बदलताना
मन म्हणालं, साडी तरी बदलायची होतीस.
त्यालाही ओढून बसमध्ये चढवलं.

दारातच त्यांनी झाकण उघडलं,
चिमूटभर साखर तोंडात टाकली.
"आणि गं, आतली वाटी?"

वाटी!
न्हाणीघरात. साबणाचे तुकडे आहेत तिच्यात.
"उद्या..." म्हणाले,
आणि जीभ चावली.
चपला अजून पायातच होत्या.