अडीच फरश्या

एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी
पावणेपाचला मी बेल वाजवतो.
एकदाच, हलकी,
न उघडलं तर बरंच, अशा बेतानं.

तुमच्या नि माझ्या खुर्चीत अडीच फरश्या.
पहिल्याच दिवशी मोजल्या.
मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम:
भोसरीच्या लॅबमध्ये लोकांच्या तापमापकांची चूक शोधतो,
पॉइंट दोन, पॉइंट तीन,
आणि चिठ्ठी चिकटवून परत पाठवतो.

फाइलवर माझ्या नावापुढे एक शब्द आहे. स्किझॉइड.
कुठल्यातरी बुरशीचं नाव वाटावं असा.
आई सोपं बोलायची: आमचा यदू गुणी हो,
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
चाळीस वर्षं त्या दोन्ही गावांच्या वेशीबाहेर राहिलो.

एकटेपणाचा त्रास होतो का, विचारलंत.
नाही.
त्रास होतो जेवलास का विचारणाऱ्यांचा.
ताटाच्या कडेकडेनं आत येतात
आणि त्यांना बाहेर काढायची वाट मलाच शोधावी लागते.
हे तुम्ही लिहून घेतलं नाहीत.
घेतलं असतंत, तर पुढच्या गुरुवारी आलो नसतो.

सातव्या महिन्यात
आईच्या नळ्यांचं, दवाखान्यातल्या हिरव्या पडद्याचं काहीतरी बोललो.
तुम्ही जरा पुढे झुकलात.
माझी पाठ खुर्चीत रुतली.
ते पाहिलंत, उठलात,
खुर्ची एक फरशी मागे घेतलीत
आणि बसलात.
खाली कर्वे रोडवर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
उरलेली पस्तीस मिनिटं मी
साडेतीन फरश्यांवरून बोलत राहिलो,
घसा दुखेपर्यंत.

मग मागच्या आठवड्यात तुमचा मेसेज:
तापानं आडवी आहे, या गुरुवारी नको.
मी 'ठीक' लिहिलं. पूर्णविरामासकट.
पावणेपाचला तुमच्या जिन्यात होतो.
पन्नास मिनिटं बसलो.
पहिल्या मजल्यावर गोवंड्यांच्या कुकरच्या सहा शिट्ट्या.
मग बस.

आज विचारताय, मागचा गुरुवार कसा गेला.
त्यासाठी एक शब्द आहे, मला माहीत आहे.
लोक वापरतात, फोन ठेवता ठेवता.
माझ्या तोंडात तो बसत नाही.
'तुमचा जिना गार असतो,' मी म्हणतो.

तुम्ही बराच वेळ गप्प.
मग: 'किती?'

बावीस. पॉइंट चार.

आणि
तुमचा ताप?
तो किती होता?