शिरगणती, विनिपेग

उणे एकोणतीस. पेनातली शाई
आमच्याआधीच झोपी गेली,
म्हणून पेन्सिल.
ऑरिसिया दर हिवाळ्यात गणतीला येते,
बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या घालून.
जुनी बातमी जास्त ऊब देते म्हणते.

आमच्या वाट्याला मेन स्ट्रीटचा तुकडा,
रेल्वेखालच्या बोगद्यापासून गोठलेल्या नदीपर्यंत,
रात्री अकरा ते तीन.
सूचना : झोपलेल्याला उठवू नये.
पाय दिसले तर एक माणूस धरावा.
पाय नाही दिसले तर?
असं प्रशिक्षणात कुणीतरी विचारलं,
तेव्हा प्राध्यापक बाई बराच वेळ
चष्मा पुसत राहिल्या.

मी बावीस वर्षं बस चालवली. रात्रीची शेवटची फेरी.
डोकी तेव्हाही मोजायचो, आरशात,
शेवटच्या थांब्यावर किती उरली ते.
उतरवायचं, असा नियम.
मी इंजिन चालू ठेवून कॉफी प्यायचो,
वीस मिनिटं, कधी चाळीस.
एवढी कॉफी त्या कपात मावत नाही
हे त्यांनाही माहीत होतं.

मग एका फेब्रुवारीत गाडीत निरीक्षक बसला होता.
उतरवलं मी. तिघांना.
तिसरी बाई पायरीवरून वळून म्हणाली,
थँक यू, ड्रायव्हर.
इथे सगळेच म्हणतात तसं उतरताना.
सवयीनं.

बसथांब्याच्या काचेआड तीन रजया, एक खरेदीची ढकलगाडी,
आणि मार्लिस डेझर्ले, वय चौपन्न,
बोलायला तयार.
ऑरिसिया विचारते, मी फुल्या मारतो.
काल रात्री पाठ कुठे टेकलीत?
– टेकली कुठे? बसून होते.
उत्तरापुढे छापलेली सहा घरं.
बसून राहिलेल्यांसाठी
त्यातलं एकही नाही.

पहिल्यांदा घर कधी सुटलं?
– सातव्या वर्षी. सरकारी मोटार आली होती, हिरवी.
आईनं मला धुतलेला फ्रॉक घातला होता,
पाहुणे येणार म्हणून.
फॉर्मवर पर्याय : सहा महिने, एक वर्ष, त्याहून अधिक.
मी 'अधिक'वर फुली मारली.
पेन्सिलीचं टोक मोडलं. थंडीनं असेल.

घर मिळण्यात अडचण?
– भाडं, ती म्हणाली, आणि हसली,
दुसरं काय असणार, बाळा?
मग खिशातून चष्म्याचं घर काढलं.
चष्मा मागच्याच महिन्यात गेला, झोपेत कुणीतरी नेला,
घर तेवढं राहिलंय.
त्यात सुई, दोरा, दोन गोळ्या, नातवाचा दात.

मला राहवलं नाही. फॉर्मबाहेरचं विचारलं :
तुम्ही कधी सत्तेचाळीस नंबरच्या बसमध्ये,
रात्री, शेवटच्या थांब्यावर...
तिनं मला निरखलं, डोळे बारीक करून,
चष्म्याशिवाय जेवढं दिसतं तेवढं.
– सत्तेचाळीस? छे. त्या गाडीत फार गार असायचं.

ऑरिसियानं मोज्यांचा जोड दिला, जेवणाचं कूपन दिलं,
सही घेतली.
आम्ही निघालो तशी मार्लिस म्हणाली,
अरे, याला लिहिलंस का?
कुणाला?
तिनं हनुवटीनं दाखवलं : तिसरी रजई,
वर बर्फाचा पातळ थर, सपाट,
कुणी टाकून दिल्यासारखी.
पाय दिसत नाहीत, मी म्हणालो.
– घोरतोय की.

आम्ही तिघं वाकलो.
रस्त्यानं एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबलो.
मग ऐकू आलं.
खोल कुठूनतरी,
थंडीत गाडी चालू होता होता
बंद पडते, पुन्हा चालू होते, तसं.

रकान्यात लिहिलं : एक.
समासात, मोडक्या पेन्सिलीनं : ऐकला.