लालाकडे टक लावू नये

नान्नाची पहिली शिकवण हीच:
लालाकडे टक लावून बघायचं नाही.
एक नजर टाकायची, काढून घ्यायची.
लाल डोळ्यात साचतो,
आहे त्याहून भडक होऊन बसतो,
मग अख्खा लॉट चुकतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
चादरीचं सूत रंगवायचा तो,
मल्लेशम कुरापाटी, रंगमास्तर.
ओली लड दारातल्या उजेडात धरून म्हणायचा,
"अजून दोन मिनिटं," नाहीतर नुसतंच "हं."
नखांच्या कडा बारमाही तांबड्या.

रात्री विडी घरकुलात, गच्चीवर,
आईच्या विड्यांच्या हिशेबाच्या वहीत
मागच्या पानांवर तो तारा मांडायचा.
मृगाच्या चार पायांतला तांबूस: काक्षी.
घरात आम्ही म्हणायचो एर्र चुक्क.
चुक्क म्हणजे तारा, थेंब, ठिपका,
आमच्या तेलुगूत तिन्ही एकच.

एकीकडे रोहिणी, दुसरीकडे प्रश्वा,
शेडकार्डाच्या दोन चिंध्यांमध्ये तिसरी सरकवावी
तसा काक्षी मध्ये सरकवून लिहायचा: ०.६.
उलटा हिशेब. आकडा वाढला की उजेड घटतो.
"माझ्या साखरेसारखं," आई म्हणायची,
पानं कातरता कातरता.

शाळेतल्या इराबत्ती सरांनी त्याला सांगितलं होतं,
सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळापर्यंत गिळेल,
पण वरचे थर आपल्या हवेहूनही विरळ.
"म्हणजे पिंजलेला कापूस," नान्ना म्हणाला,
"वजन कमी, पसारा फार."
चारशे दिवसांत एकदा फुगतो, उतरतो,
तेही भोंग्यावर नाही,
दमेकऱ्यासारखं, एक श्वास खोल, एक अर्धाच.
शेजारच्या गच्चीवरून अनसूयम्मा विचारायची,
"फुटणार म्हणे?"
"फुटेल. आज, नाहीतर लाख वर्षांनी."
"मग वाळवण घालते," म्हणायची.

त्या हिवाळ्यात आकडे चढत गेले.
०.९. १.१.
गड्ड्याच्या पाळण्यांचे दिवे गावभर झगमगत होते तेव्हा १.४.
नान्नाने पेन ठेवून पेन्सिल घेतली.
मग लिहिलेलं खोडायला लागला.
कारखान्यात तीच लड तीनदा दारात नेली.
शेवटी मालकाला सांगून आला,
"माझा लाल गेला."

डॉक्टर म्हणाले, डोळे वयाच्या मानाने चांगले आहेत.
त्याचा विश्वास बसला नाही.
डॉक्टरांना कुठं लाल ओळखता येतो?

फेब्रुवारीत भजीच्या कागदावर मला बातमी सापडली.
तेल वर करून वाचली:
काक्षी खरंच मंदावला आहे,
मृगाच्या दुसऱ्या पायाइतकाच उरलाय,
जगभर लोकांनी बघितलंय.
पुढं कधीतरी कळलं,
त्यानंच अंगातून टाकलेला धुरळा
त्याच्याच तोंडापुढं आला होता,
तोही पाच-सहाशे वर्षांमागं,
आमचे लोक तेव्हा तेलंगणात
कुठल्या मागावर काय विणत होते कोण जाणे.

नान्नाने तो तेलकट तुकडा घडी करून खिशात ठेवला.
"म्हणजे १.४ बरोबर होतं," एवढंच.
तोवर मालकाने रंग वाचणारं यंत्र आणलं होतं.
हा विचारायला गेला नाही.
मी जा म्हणाले नाही.
ते अजून टोचतं.

एप्रिलमध्ये मृग पश्चिमेला कलला,
काक्षी पुन्हा भरत चालला होता.
नान्नाने वही माझ्या हातात दिली.
"तू सांग."
मी बघितलं. सांगितलं, ०.५.
त्याने मान वर केली, लगेच खाली.
"०.७," म्हणाला.
"टक लावलीस."