चौथा हात

फेब्रुवारीत थंडर बेला लांबी लवकर वाळत नाही.
बादली रात्री घरात घ्यावी लागते, आजारी कुत्र्यासारखी.
हे मी आउने लेहतोमाकीला फोनवरच सांगितलं.
तीन हात, तीन दिवस.
घाई असेल तर दुसरा माणूस बघा.
ती म्हणाली, घाई असती
तर पाच वर्षांपूर्वीच बोलावलं असतं.

भोक जेवणाच्या टेबलाच्या बरोब्बर वर.
त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एकच शब्द:
रविवारी.

तोइवो माळ्यावर गेला होता,
छपरावरचा बर्फ वितळून कुठून झिरपतोय ते बघायला.
पाय तुळईवर ठेवायचा, मधे नाही,
हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं.
आणि मग माशाच्या सुपाच्या पातेल्यावर
गुडघ्यापर्यंत एक पाय,
बूट, लोकरीचा मोजा,
भोवती गुलाबी कापूस भुरभुरतोय.
"मी आधी हसले," आउने म्हणाली,
"मग विचारलं, लागलं का."
वरून बराच वेळ काही नाही.
मग पाय म्हणाला,
सूप झाक.

पुढचं तिनं सांगितलं नाही.
हॉलमध्ये एकच कोट टांगलेला होता.

मी पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला.
ती तो फ्रीजवर ठेवून आली.

भोकाचं एक असतं,
वेडंवाकडं बुजत नाही.
आधी ते मोठं करावं लागतं,
करवतीनं, चौकोनी, धड बोर्ड लागेपर्यंत.
मालक इथेच घाबरतात.
ती घाबरली नाही, फक्त टेबलावरची चादर काढून घेतली.
मग आत लाकडाची पट्टी, नवा तुकडा, स्क्रू.
स्क्रूचं डोकं कागदात रुतावं, कागद फाटू नये.
एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली
आणि रेजानच्या शिव्या, त्याही फ्रेंचमध्ये.
सांध्यावर कागदी पट्टी. खाली हवा राहिली
तर महिन्याभरात फोड.

पहिला हात चार बोटं रुंद.
दुसरा वीतभर.
तिसरा असा पसरत न्यायचा
की कडेला पोचेपर्यंत लांबी उरतच नाही.
भोक ताटाएवढं,
ते लपवायला अर्धं छत लागतं.
कोडी खाली बादली ढवळत होता, कानात गाणी.
त्याला म्हटलं, हे बघून ठेव.
तो म्हणाला, काय?

तिसऱ्या दिवशी घासकागद.
पापण्यांवर पीठ, जिभेवर खडू.
दिवा छताला टेकवून आडवा धरला.
समोरून पाहिलं तर सगळीच छतं गुळगुळीत,
खरं काय ते बाजूच्या उजेडाला विचारावं.
बाजूचा उजेडही काही बोलला नाही.

"आता कुण्णाला कळणार नाही," मी म्हणालो.
मी हे सगळ्यांनाच म्हणतो.
टेबल पुसता पुसता ती थांबली.
"मलापण?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी फडकं झटकलं, दोनदा.
कोडीला म्हटलं, जा, गाडी गरम कर.
मिटलेली शिडी पुन्हा उघडली,
पात्याच्या टोकावर चिमूटभर लांबी घेतली,
आणि बुटाची टाच आली असेल त्या जागी
नखाच्या जाडीची एक कड ठेवली.

दुपारी चारच्या सुमाराला
ऊन अंगणातल्या बर्फावर आपटून
खिडकीतून वर येतं, छताला घासत जातं.
तेव्हा दिसेल, दहाएक मिनिटं.
बर्फ असेपर्यंतच.
उन्हाळ्यात दिसणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

तिला काही सांगितलं नाही.
रंगाला उद्या कोडी येईल.
रेजाननं पाहिलं असतं
तर थापी बोटांवर बसली असती.
बिलात तीनच हात लावले.
कुणी विचारलंच,
तर खांदा दुखत होता म्हणा.