लोकरीच्या तीन गाठी

तार्तूला नदीकाठी आमचं माशांचं दुकान.
नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
हेल्बेबाई आल्या, टोपीवर बर्फ,
खिशातून काढला लाल लोकरीचा दोरा.
"पहिल्या गाठीपर्यंत लांबी, मग रुंदी, मग उंची.
एवढ्या पेटीत मावेल अशी वाम दाखव."

मी दोरा टेबलावर ताणला.
लांबी साडेतीन वीत. फार नाही.

मग नेहमीची पोपटपंची सुरू केली.
ही मोरे. हिला खारं पाणी लागतं,
आणि हिचे दात माझ्या अंगठ्यावर अजून आहेत, पाहा.
ही अग्निवाम. लाल ठिपक्यांवर लोक भाळतात.
आज बोटाएवढी, पाच वर्षांनी अख्ख्या हाताएवढी,
मग फोन येतो, परत घेता का?
आम्ही परत घेत नाही.
ही दोरीमासळी, खरं तर वाम नव्हेच,
झाकणाला बोटभर फट मिळाली
की सकाळी सोफ्याखाली सापडते, वाळून कडक.
आणि या कुहली, पट्ट्यापट्ट्यांच्या.
एकटीदुकटी नेऊ नये, सहा तरी हव्यात.

"सहाजणींना नावं ठेवायला
मी काय त्यांची शेजारीण आहे?"

त्यांचा नवरा काल्यु. व्होर्त्सयार्व तळ्यावर
बेचाळीस वर्षं त्याने वाम धरली, धुरी दिली, विकली.
"मी टोपलीतली पाहिली, आकड्यावरची पाहिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात दिली.
पण नुसती असलेली वाम,
काहीच न करणारी,
ती नाही पाहिली कधी."

पिल्लं म्हणे बाहेरून आणून तळ्यात सोडत,
काचेसारखी, आरपार दिसणारी.
वीस वीस वर्षं चिखलात गुमान राहायची.
मग पानगळीतल्या एका रात्री समुद्र आठवायचा
आणि ओल्या गवतावरून सरपटत निघायची.
काल्यु कंदील घेऊन बांधावर उभा.
"एकीला त्याने जाऊ दिलं.
का, ते त्याने सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही, जेवण निवत होतं."

त्यांना तीच हवी होती का? मी म्हटलं,
ती पेटीत ठेवू नये, काचेवर नाक फोडून घेईल.
"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
आणि गुडघे धरून वाकल्या
खालच्या फळीवरच्या टाकीपाशी.
"यात काय आहे?"

यात वाळू.
म्हणजे, वाळूत एक काटेरी वाम. असावी.
पूर्वेकडची, लहान जातीची, वीतभर वाढते.
तीन आठवडे कुणी पाहिलेली नाही,
मी किंमतसुद्धा पुसून टाकली.

"हीच."

मेली असेल तर?

"बघू की." खाद्याच्या पोत्यावर बसल्या.
सहाला शटर ओढलं, दिवे मालवले,
उरला फ्रिजचा हिरवा ठिपका आणि पंपांची बुडबुड.
मला भूक लागली होती, बस चुकणार होती.
किती वेळ गेला सांगता येणार नाही.
वाळूतून एक नाक वर आलं,
सुईच्या नेढ्यातून दोरा यावा तसं, चाचपत.
इकडे वळलं, तिकडे वळलं.
वास घेत होतं, आमचाच बहुतेक.
हेल्बेबाईंनी श्वास धरला होता.
मला तो सुटताना ऐकू आला.

निघताना सांगितलं: वाळू बारीक घाला,
खडी नको, पोट सोलवटतं.
लपायला नळीचा तुकडा. झाकणावर वजन,
अगदी जड, हसू नका.
"वजनं आहेत. काल्युच्या तराजूची, दोन किलोची दोन."
खायला गांडुळं लागतील.
"तळघरात खताची पेटी आहे. तिथे हवी तेवढी."
लोकर टेबलावरच विसरल्या.

नाताळाआधी मीच फोन केला.
दिसली का?

"नाही," म्हणाल्या.
मागे रेडिओ चालू होता, किटली शिट्टी घालत होती.
"गांडुळं मात्र कमी होतात."