वाऱ्यावर

शुक्रवारी पहाटे साडेचारला
झल्लाकच्या पेट्रोल पंपाशी अकरा सायकली.
बारावी माझी, निळी, जुन्यात घेतलेली,
ब्रेकला अजून आधीच्या मालकाचाच हात आठवतो.

जाताना सोपं असतं.
शमाल पाठीशी, उंट अजून बसलेले,
तेलाचे पंप मान खालीवर करत
सगळ्यालाच हो म्हणतात.
मीही म्हणते. पस्तीसचा वेग? हो.
योलांडाच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर,
त्या हातभरात माझा सगळा शुक्रवार.

वळलो की कळतं.
वारा समोरून, वाळू दातांत,
आणि हातभराचे दोन हात होतात,
मग एक ट्रक मावेल एवढं,
मग लुकलुकणारे लाल ठिपके,
मग नुसता रस्ता.

वाऱ्यावर सोडलं, म्हणतात आपल्यात.
भुसावळला हे मी माणसांबद्दल ऐकलं होतं:
नवऱ्यानं, भावानं, कंपनीनं.
शब्दशः कळलं ते इथे, सखीरच्या उघड्यावर,
नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर.

तासाला दोन रुपयांची सायकल असायची तेव्हा,
नळीखालून पाय घालून चालवायची,
दुकानदार घड्याळ बघत दारात उभा.
मागे पडणं नव्हतंच त्यात.
फक्त पैसे संपायचे.

फादिल मागे येतो. एकसष्ट वर्षांचा,
रिफायनरीतून निवृत्त, गुडघ्यावर टाक्यांची रेघ.
"माझ्यासाठी थांबायचं नाही," मी म्हणते.
"कोण थांबलंय? बाटली पडली होती माझी."
बाटली जागच्या जागी, गळ्यापर्यंत भरलेली.
तो पुढे सरकतो
आणि कोपरानं दाखवतो: इथे.

त्याच्या पाठीमागे एकदम शांत होतं,
चालत्या गाडीची काच वर केल्यासारखं.
जर्सीवर मिठाचा नकाशा उमटलेला,
खिशाला सेफ्टीपिन, आत खजुराची पुडी.
मी चाकाकडे बघत नाही, पिनेकडे बघते.
दोनदा पुढे जाते, माझी पाळी म्हणून.
दहा-बारा पायडल झाले की तो ओरडतो, पुरे,
या वेगानं मला थंडी वाजेल.

कॅफेटेरियात पोचतो तेव्हा
बाकीच्यांचं बिलावरून भांडण चाललेलं,
योलांडा बूट काढून अनवाणी.
कोणी काही विचारत नाही.
टेबलाच्या कडेला दोन कप करक,
दोन्हींवर कागदी बश्या झाकलेल्या,
आणि प्रत्येक बशीवर एकेक खडा,
उडू नये म्हणून.