वेढे

इनास दिनिझनं पहिल्यांदा ड्रिल लावलं तेव्हा
आवाज फार छान आला, असं तो अजून सांगतो.
अडीच सेकंद.
मग निळसर धूर, आणि जळक्या वॉर्निशचा तो वास
जो माझ्या कुंकळ्ळीच्या दुकानात भिंतींनाच बसलाय.

एकवीस वर्षं बोटीवर होता, मायामीची कंपनी.
एक करार संपला की एक अवजार:
रंधा, गोल करवत, ग्राइंडर,
चॉकलेटांच्या पिशव्यांखाली दडवून आणलेलं.
निवृत्त झालो की असोळण्याचं घर माझ्या हातानं करीन.
पेट्यांवर एकशेवीस लिहिलेलं होतं.
बोटीवरही एकशेवीसच.
गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

"पात्रांव, काय काय लागेल?"
लोखंड, म्हटलं, तांबं, आणि चार दिवस शांतता.
शांतता मिळाली नाही.
एकशेऐंशीव्या वेढ्याला बायकोचा फोन,
दोनशे बाराव्याला कुणी पंखा घेऊन दारात.
सोडा सगळं. पुन्हा एक.
आपले दोन वेढे, तिकडचा एक, असा साधारण हिशेब,
आणि दोन्ही तारा एकमेकींना शिवतही नाहीत.
हे सांगितलं तर इनास म्हणाला,
"मग वीज पलीकडे जाते कशी?"
मला बांधता येतं. सांगता येत नाही.

सव्वीस किलो भरला. हातगाडीवरून नेला.
करवत पहिल्या झटक्यात गायला लागली.
ग्राइंडर मात्र आळसात फिरला,
त्यांची वीज सेकंदाला साठदा वळते, आपली पन्नासदा,
तेवढा फरक माझ्या तांब्यानं निघत नाही.
आणि दोनशे तीस हे कागदावर.
तिन्हीसांजेला सगळे पंप सुरू झाले
की एकशेनव्वद, आणि रंधा कण्हतो.
"थांब जरा. गावाची जेवणं उरकू देत."

बातमी फिरायला वेळ लागला नाही.
एस्पेरान्साचा मिक्सर, टोरोंटोहून आलेला,
लग्नापासून खोक्यातच;
कुडचडकर बाईंचं केस वाळवायचं यंत्र;
शिंप्याला मेहुण्यानं पाठवलेली शिवणमशीन,
तिच्यावर तो इतकी वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवायचा.
कुणाकुणाच्या माळ्यावरून काय काय उतरलं,
मुकं, धूळ पुसलेलं,
आणि हातगाडी रोज वेगळ्या दारात.

काल सहज गेलो.
बाल्कांवात खिडकीची झडप, अर्धी गुळगुळीत,
अर्धी अजून खरबरीत,
आणि इनास रंधा मांडीवर घेऊन बसलेला,
आजारी मांजर घेऊन बसावं तसा.
"ट्रान्सफॉर्मर कुठाय?"
"केक फेटतायत. रविवारी कुणाचा तरी बाप्तिस्मा."
थोड्या वेळानं: "आणखी एक बांधशील?"

मी तांब्याचा आजचा भाव सांगितला.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
पलीकडच्या घरातून मिक्सर ऐकू येत होता,
एक पट्टी खाली.